बिझनेस क्लासातले व्याही

लेकीच्या बाळाच्या बारशाला कोंडिबा आणि त्यांचे व्याही दौलतराव एकाच विमानाने अमेरिकेला निघाले. तिकिटं दोघांची सारखीच. पण मागे जागा कमी पडली, म्हणून विमानवाल्यांनी दौलतरावांना फुकटात पुढे बिझनेस क्लासात बसवलं. तेव्हापासून कोंडिबांच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही थांबेना.

त्यात दौलतराव तासातासाला पडदा सारून मागे येत. कधी खुर्चीचा पलंग कसा होतो ते सांगत, कधी गरम रुमालाचं कौतुक. चौथ्यांदा आले ते मोठ्याने म्हणाले, "व्याही, खुराड्यातल्या कोंबडीगत बसलात की! बारशाला सगळ्यांना सांगणार आहे मी. खरं बोला, जळता की नाही?"

आजूबाजूच्यांनी कान टवकारले. लेकीच्या सासरी आपलं हसं होणार, हे कोंडिबांना दिसत होतं. ते सावकाश म्हणाले,

"जळतो हो, खोटं कशाला बोलू? पण पुढं तुम्हाला पलंग मिळाला, रुमाल मिळाला, जळणारं माणूस काही मिळालं नाही. त्याच्यासाठी माझ्याच दारी यावं लागतंय. बारशाला तेवढंही सांगा."

रांगेत हशा पिकला. दौलतराव पडद्याआड गेले ते विमान उतरेपर्यंत फिरकले नाहीत, आणि बारशाला त्यांनी प्रवासाचा विषयच काढला नाही.