गोंदाजीचे पाच अंगरखे

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून हळूच कान देणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार फार पूर्वीची आहे. तेव्हा पक्ष्यांना माणसांची भाषा येत असे, आणि माणसांनाही पक्ष्यांचं ऐकून घ्यायला वेळ असे.

त्या काळी एक डोंगराळ राज्य होतं. चारी बाजूंनी इतके उंच डोंगर, की तिथल्या लोकांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. राजाला याचं वाईट वाटे. त्याने डोंगरांपलीकडच्या किनाऱ्यावर एक मोठं जहाज बांधून घेतलं आणि दवंडी पिटवली, "दरवर्षी काही कुटुंबांना या जहाजातून बेटांची सफर घडवली जाईल!" किनाऱ्यापर्यंत पोचवायचं काम सारस पक्ष्यांनी पत्करलं. तेव्हाचे सारस बैलाएवढे मोठे होते. एका सारसाच्या पाठीवर एक माणूस आरामात बसे.

सारसांची अट मात्र एकच होती. माणसामागे एक गाठोडं, आणि ते चावडीपुढच्या काळ्या दगडापेक्षा जड असता कामा नये. दगड तसा लहानच होता. चांगल्या खाल्ल्यापिल्ल्या मांजराएवढं त्याचं वजन.

एका वर्षी गोंदाजी तांबटाच्या घराची पाळी आली. घरात माणसं तीन: गोंदाजी, त्याची बायको सारजा आणि त्यांची मुलगी ठकू. बातमी कळली तशी ठकू अंगणभर नाचत सुटली. सारजा मात्र चुलीपुढे बसून एकदम रडायलाच लागली.

"अगं, रडतेस काय? आनंदाची गोष्ट आहे!" गोंदाजी म्हणाला.

"आनंदानेच रडतेय," सारजा म्हणाली. "जहाज हौसाच्या बेटावर थांबतं म्हणे."

हौसा म्हणजे सारजाची पाठची बहीण. मीठ विकायला आलेल्या एका तरुणाशी तिचं लग्न झालं आणि ती डोंगरांना वळसा घालून दूर बेटावर नांदायला गेली. त्यानंतर दोघींची भेट नव्हती. सारजाने त्याच दिवशी पेटी उघडली. लहानपणी दोघी जे परकर नेसत, त्यांचे तुकडे तिने जपून ठेवले होते. ते जोडून ती हौसासाठी गोधडी शिवायला बसली.

आता घरात सामान बांधायची धांदल उडाली. गावात समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता, त्यामुळे सल्ला द्यायला सगळेच पुढे.

"समुद्रावर गारठा फार. घोंगड्या न्या."

"छे, ऊन फार. छत्र्या न्या."

"तिथलं पाणी खारट असतं म्हणे. घागर भरून न्या!"

गोंदाजी प्रत्येकाचं ऐके आणि प्रत्येक वस्तू काढून ठेवी. घंगाळ काढलं, दोर काढला, पळ्या, झारे, वाट्या, हातोडी, पाट आणि घडवंची. पाहता पाहता ओसरीवर ढीग लागला आणि ठकू त्याच्या पलीकडे दिसेनाशी झाली.

"अहो, आपण फिरायला चाललोय की गाव सोडून चाललोय?" सारजाने विचारलं.

"वेळेला काय लागेल सांगता येतं का?" गोंदाजी म्हणाला. "नसलं की मग आठवतं!"

सारजाने तिघांची गाठोडी बांधली, चावडीवर नेऊन दगडाशी तोलली, आणि जड भरलं ते मुकाट्याने काढून टाकलं. तिच्या गाठोड्यात गोधडी आणि एक लुगडं एवढंच राहिलं. ठकूच्या गाठोड्यात दोन परकर आणि लाकडी बाहुली. गोंदाजीचं गाठोडं मात्र रोज सोडलं जाई आणि रोज नव्याने बांधलं जाई. घंगाळ काही त्यात मावेना.

शेवटी जायचा दिवस उजाडला. सगळं गाव चावडीपुढे जमलं. ढोल वाजू लागले. आणि मग पूर्वेकडून पंखांचा असा सपसप आवाज आला, की बैलांनी दावी ओढली आणि पोरांनी कानांवर हात ठेवले. चार सारस उतरले. पुढे होती ती सारसांची म्हातारी मुखिया. ती कुणाला पाठीवर घेत नसे, फक्त वाट दाखवत असे. मागच्या तिघांपैकी एक चांगला धिप्पाड होता, पण वयाने कोवळा. त्याची ही पहिलीच फेरी होती. आनंदाने तो एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होता.

गाठोडी तोलली गेली. तिन्ही दगडापेक्षा हलकी निघाली.

मग मुखियाची नजर गोंदाजीवर गेली. गोंदाजी आज केवढा तरी रुंद दिसत होता. हात अंगाला टेकत नव्हते. चालताना त्याच्या पोटातून खणखण आवाज येत होता.

"तुझी तब्येत बरी आहे ना?" मुखियाने विचारलं.

"उत्तम! खातं-पितं घर आहे," गोंदाजी म्हणाला.

सारजाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली.

"आम्ही सामान तोलतो," मुखिया म्हणाली. "माणूस तोलत नाही. माणूस जसा आहे तसा नेतो, आणि त्याच्या शब्दावर नेतो. बसा!"

धिप्पाड सारसाने गोंदाजीला पाठीवर घेतलं. क्षणभर त्याचे पाय वाकले. पण पहिल्याच फेरीला कुरकुर कशी करायची? त्याने मान ताठ केली आणि पंख पसरले.

काय सांगू तुम्हाला, ते उडणं कसं होतं! गाव बघता बघता भाकरीएवढं झालं. नदी लुगड्याच्या काठासारखी दिसू लागली. ठकू ओरडत होती, "आई, ढग बघ! आई, आपलं घर बघ! आई, मी बघ!" सारजाचा पदर वाऱ्यावर फडफडत होता आणि ती लहान पोरीसारखी हसत होती. जहाज सूर्यास्ताला निघणार होतं. मधे एक शेवटचा, सगळ्यात उंच डोंगर तेवढा ओलांडायचा होता.

तिथेच घात झाला. डोंगरमाथ्याजवळ वारा समोरून आला. मुखिया वर चढली, दोघे सारस वर चढले. धिप्पाड सारसही चढू लागला, पण त्याचा श्वास फुलला. पंख लटपटले. त्याने आणखी जोर लावला, तसा त्याच्या उजव्या पंखातून कळ गेली आणि तो गोंदाजीसकट गिरक्या घेत खाली येऊ लागला.

"बाबा!" ठकू किंचाळली.

सारसाने कसाबसा तोल सावरला आणि तो डोंगरमाथ्यावरच्या उघड्या पठारावर उतरला. गोंदाजी गवतात गडगडला. अंगाला खरचटलंसुद्धा नाही. पण सारसाचा पंख जमिनीवर लोळत होता, आणि तो कोवळा जीव डोळे मिटून थरथरत होता.

बाकीचे उतरले. मुखियाने पंख तपासला आणि गोंदाजीकडे मान वळवली. 

गोंदाजीला ती नजर सहन होईना. त्याने अंगरखा काढला. त्याखाली दुसरा होता. त्याखाली तिसरा. अशी पाच अंगरख्यांची चळत निघाली, आणि मधल्या घड्यांतून पळ्या, वाट्या, झारे, हातोडी गवतावर पडत गेली. पाठीला चपटं ठोकून बांधलेलं घंगाळसुद्धा निघालं. नेहमीच्या वेळी ठकू पोट धरून हसली असती. आज तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तू मला का नाही सांगितलंस?" सारसाने मिटल्या डोळ्यांनी विचारलं. "मला वाटलं, माझ्यातच ताकद नाही."

गोंदाजीची मान खाली गेली.

"याला आज भार उचलता येणार नाही," मुखिया म्हणाली. "पंख थंडीपासून जपला, तर उद्या एकटा हळूहळू चालत किनाऱ्यावर येईल. आता दोन सारस आहेत आणि माणसं तीन. तिघांना जायचं असेल, तर मायलेकी एका पाठीवर आणि हा दुसऱ्या पाठीवर. पण मग सामान अजिबात नेता येणार नाही, सुतळीचा तोडासुद्धा नाही. लवकर ठरवा. जहाज कुणासाठी थांबत नाही."

गोंदाजी म्हणाला, "चूक माझी आहे. मी इथेच राहतो. तुम्ही दोघी आपापली गाठोडी घेऊन जा. सारजा, तुझ्या बहिणीची गोधडी तिला दे."

 राग सारजाच्या कानशिलांपर्यंत चढला होता. तिने आपलं गाठोडं सोडलं आणि गोधडी बाहेर काढली. रात्र रात्र जागून घातलेले टाके होते त्यावर. एका कोपऱ्यात हौसाचा हिरवा परकर होता, त्याला लागून तिचा स्वतःचा पिवळा.

"अहो, तुमच्यावर मी आयुष्यभर रागावणार आहे," ती म्हणाली. "पण त्यासाठी तुम्ही बरोबर तर हवे ना!"

ती खाली बसली. तिने गोधडी उलगडली आणि थरथरणाऱ्या सारसाच्या पंखाभोवती घट्ट लपेटली. ठकूने आपली बाहुली त्याच्या मानेजवळ ठेवली. "ही तुला सोबत," ती म्हणाली. गोंदाजीने चार अंगरखे त्याच्या पायांवर पांघरले आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही.

आणि मग ते उडाले, रिकाम्या हातांनी!

सारस आता बाणासारखे जात होते. डोंगरमाथा खाली सरकला, आणि समोर एकदम निळंच निळं उघडलं. त्याला पलीकडची कडच नव्हती. "एवढं पाणी!" ठकू ओरडली. "आई, एवढं पाणी धरलंय कशात?"  गोंदाजी तर तोंड उघडं टाकून पाहतच राहिला. किनाऱ्याजवळ पांढरी शिडं फुगवून जहाज उभं होतं आणि खलाशी दोर सोडत होते.

"थांबा! थांबा!" तिघंही ओरडली. सारस थेट जहाजाच्या फळ्यांवर उतरले. त्याच क्षणी नांगर उचलला गेला.

"सामान कुठं आहे?" जहाजाच्या तांडेलाने विचारलं.

"डोंगरावर," ठकू म्हणाली, आणि सगळे प्रवासी हसले.

पुढची सफर कशी झाली म्हणून सांगू? कुणी सारजाला लुगडं दिलं, कुणी ठकूला परकर दिला. गोंदाजीपाशी एकच अंगरखा. तो धुतला, की वाळेपर्यंत बुवा शिडाचं फडकं गुंडाळून बसायचे. पण प्रत्येक बेटावर सगळ्यांत आधी उतरायचं ते याच तिघांनी. बाकीचे लोक आपापल्या वळकट्या मोजत असत, तोवर ही तिघं वाळूत धावत असायची. त्यांनी उडणारे मासे पाहिले, नारळाच्या झावळ्यांवरून घसरगुंड्या केल्या, आणि लाटांशी भांडून ठकूचा घसा बसला.

आणि मग हौसाचं बेट आलं. होडी वाळूला लागायच्या आधीच सारजाने पाण्यात उडी टाकली. किनाऱ्यावर मीठ भरणाऱ्या बायकांत एक वळून बघत होती. तिच्या हातातली टोपली खाली पडली.

"सारजाक्का?"

दोघी गुडघाभर पाण्यात गळ्यात गळा घालून उभ्या राहिल्या. लाटा येत होत्या आणि जात होत्या.

"तुझ्यासाठी गोधडी शिवली होती गं," सारजा शेवटी म्हणाली. "वाटेत द्यावी लागली. एका सारसाला थंडी वाजत होती."

हौसा रडता रडता हसायला लागली. "बरं केलंस, अक्का! इथे बारा महिने उकडून जीव जातो. गोधडी घेऊन मी करणार काय होते? तू आलीस ना, बास झालं."

भरती येईपर्यंत दोघी बोलत होत्या. ठकूने मावशीच्या हातचे मासे खाल्ले. गोंदाजी लांब बसून दोघींकडे पाहत होता. डोंगरावर आपण एकटे राहिलो असतो तर, हा विचार त्याच्या मनातून जात नव्हता.

जहाज परत किनाऱ्याला लागलं. घरी न्यायला सारस हजर होते, पण धिप्पाड सारस त्यांच्यात नव्हता. तो जवळच्या तळ्याकाठी उभा होता. पंख अजून पुरता उघडत नव्हता.

"हा हिवाळाभर उडायचा नाही," मुखिया म्हणाली. "एवढ्या थंडीत एकट्याला मासे धरणं जमेल असंही वाटत नाही. तुम्ही चला. दुसरा सारस आणलाय."

गोंदाजी पाठीवर बसला नाही. त्याने ठकूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सारजाला म्हणाला, "तुम्ही घरी जा. मी मागून येतो."

 सारजा म्हणाली, "या सावकाश. वाट बघते." तिचा राग तेव्हा गेला.

हिवाळाभर गोंदाजी तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला. पहाटे गार पाण्यात उतरून तो सारसासाठी मासे धरी, दुपारी उन्हात बसून त्याचा पंख चोळी. आधी दोघांत बोलणं नव्हतं. मग थोडं थोडं सुरू झालं. थंडी सरेपर्यंत दोघे इतक्या गप्पा मारू लागले, की तळ्यातले बेडूक कंटाळून दुसऱ्या काठाला गेले.

एका सकाळी सारसाने दोन्ही पंख पसरले आणि तळ्यावरून एक मोठी फेरी मारली. तो परत आला आणि गोंदाजीपुढे पाठ वाकवून उभा राहिला.

"बस," तो म्हणाला.

"झेपेल तुला?" गोंदाजीने विचारलं.

"हा प्रश्न तू त्या दिवशी विचारला असतास, तर मी खरं सांगितलं असतं," सारस म्हणाला. "आज विचारलास, म्हणून आज सांगतो. झेपेल."

आणि दोघे डोंगरांच्या दिशेने उडाले.

म्हणून लहानथोरांनो, बरोबर किती घ्यायचं हे ठरवताना ते ओझं कुणाच्या पंखांवर पडणार आहे, हे आधी पाहावं.