सभेतले खरकटे द्रोण

"कचऱ्याचं काम कंपनीला, अन् सगुणाबाईला..." एवढंच नगराध्यक्ष खराड्यांच्या खिडकीतून ऐकू आलं आणि मेला त्यांचा मिक्सर सुरू झाला! उरलेलं मीच जुळवलं आणि गल्लीभर सांगितलं, "आपल्या सगुणाबाईची घंटागाडी जाणार, नोकरीही जाणार."

दुसऱ्याच दिवशी खराड्यांनी सभा बोलावली. आधी सगळ्यांना मिसळ-जिलबी. मग म्हणाले, "कंपनी म्हणजे शिस्त! कुणाची हरकत?"

आमच्या शेजारच्या वत्सलाकाकूंनी कोपऱ्यातल्या खरकट्या द्रोणांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "हरकत कसली? कंपनीचे साहेब आलेच आहेत, तर एवढं उचलून दाखवा."

साहेब चाचरले. "ओला-सुका वेगळा केलेला नाही. शिवाय समारंभाचा कचरा करारात बसत नाही."

तोवर सगुणाबाई पदर खोचून ढीग भरायलाही लागली होती. काकू म्हणाल्या, "अहो साहेब, कचरा काय करार वाचून पडतो?"

सभा खो खो हसली. खराडेही हसले, न हसून सांगतात कुणाला, निवडणूक तोंडावर!

माझी बातमी शेवटी अर्धीच खरी ठरली. कंपनी आली, पण भाजीबाजारापुरती. गल्लीत घंटा सगुणाबाईचीच वाजते, आणि तिच्या धाकानं खराडेवहिनी ओला-सुका वेगळा करून दारात उभ्या असतात.