लुमाजीचा कापलेला बंपर

सादडवाडीचा लुमाजी भांगरे आपली फोर-बाय-फोर गाडी घेऊन ओढ्याकाठी उभा होता. शहरातल्या मोटार क्लबला मोसमभर डोंगरात वाट दाखवायला एक गाडी हवी होती. ते काम मिळालं, तर लुमाजीला गाव सोडून परमुलखात ड्रायव्हरकी करावी लागणार नव्हती.

क्लबचे अध्यक्ष रणदिवेसाहेब आपल्या कोऱ्या गाडीतून उतरले. लुमाजीच्या गाडीचा प्लास्टिकचा बंपर खालून कापलेला बघून ते हसायलाच लागले.

"काय रे, उंदरांनी कुरतडला का?"

"नाही साहेब, मीच कापला करवतीनं."

"म्हणजे कंपनीचे इंजिनिअर खुळे? कुणाला विचारून कापलास? असली गाडी आमच्यापुढं चालायची नाही."

लुमाजीनं ओढ्यात वाटेवरच असलेल्या उंच दगडाकडं बोट केलं. "त्याला विचारून. दगडाला ओला चुना फासला आणि गाडी हळूहळू वर घातली. बंपरला जिथं चुना लागला, तेवढंच कापलं."

"दगडाला काय कळतंय?"

"तेही खरंच. मग असं करा साहेब, तुमचा बंपर इंजिनिअरनं केलेला, अख्खा आहे. तुम्ही आधी जा. दगडानं तो अख्खाच पलीकडं जाऊ दिला, तर मी गाडी घेऊन घरी जातो."

बरोबर आलेली क्लबची मंडळी साहेबांकडं बघू लागली. साहेबांनी दगड न्याहाळला, आपल्या चकचकीत बंपरवरून हात फिरवला आणि ते गाडीत जाऊन बसले. मग काच खाली झाली.

"लुमाजीराव, मोसमभर पुढं तुमचीच गाडी. फक्त आज जरा लांबच्या वाटेनं न्या."