पाहुण्यांचा दगड

“…आणि आजही आकडा वेगळाच आला, तर मी पुस्तक छापायचं की नाही, बाबा?”

धावजीबाबा चुलीत फुंकर घालत राहिले. गडावरच्या देवीची दिवाबत्ती करता करता त्यांचं सगळं आयुष्य इथंच गेलं होतं. घाईनं बोलायची सवय लागायला तिथं कारणच पडलं नव्हतं.

“मोजताय तरी काय एवढं?”

“ती भिंत.” आठल्ये सरांनी बोट केलं.

समोर डोंगर पायरीपायरीनं उतरत होता. कधीकाळी जमीन फाटून तप्त रस वाहिला, निवला, पुन्हा वाहिला. एकेक पायरी म्हणजे एकेक पूर. मधून लाल मातीचे पट्टे. आणि हे सगळं उभं चिरत गेलेली काळी भिंत, भेगेतच गोठलेल्या रसाची.

आठल्ये सर भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. तिशीत असताना त्यांनी त्या भिंतीची दिशा मोजली. त्या आकड्यावर नकाशा उभा राहिला, नकाशावर पुस्तक. पण निवृत्तीनंतर खात्री करायला म्हणून सात वेळा वर आले, आणि सातही वेळा होकायंत्राची सुई निराळंच बोलली. छापखाना खोळंबला होता. घरी तर बायको म्हणाली होती, “पुस्तक काढा, नाहीतर संन्यास घ्या.”

“माझी शंका फार बारीक आहे, बाबा. दुसरा कुणी इतकी काढणार नाही.”

“ते मातुर खरं.”

बाबांनी चहाचा पेला पुढं केला. सर नेहमीच्या जागी बसले होते, देवळापुढच्या सपाट काळ्या कातळावर. पाहुण्यानं तिथंच बसायचं, ही गडाची रीत.

सरांनी मांडीशेजारी होकायंत्र टेकवलं. चष्मा सावरला.

आठवा आकडा. वेगळा.

“बघा!” आवाजात दुःख होतं. थोडा विजयही होता.

बाबांनी एका बोटानं होकायंत्र वीतभर सरकवलं. सुई फिरली. आणखी वीतभर… पुन्हा फिरली.

“ह्या दगडावर ईज पडलीया. माझ्या आज्यानं बघितलेली.”

सर पेला तसाच टाकून उठले. गुडघे धरत धरत दूर गवतात गेले आणि होकायंत्र हातात धरून उभे राहिले.

सुई थरथरली… आणि थांबली.

तिशीतला आकडा! तंतोतंत.

“पहिल्या खेपंला उभ्यानं मोजलं व्हतंत,” बाबा लांबूनच ओरडले. “तवा गुडघं धड व्हतं तुमचं.”

“अहो, पोरांना पहिल्याच तासाला हेच शिकवायचो मी! काळ्या कातळावर होकायंत्र टेकवू नका, त्यात चुंबक असतं, सुई भरकटते. वीज पडलेल्यावर तर मुळीच नको!”

सरांना हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईतो ते एकटेच गवतात हसत राहिले.

“पण बाबा… तुम्हाला ठाऊक होतं. सात खेपा गप्प का बसलात?”

“सांगितलं असतं, तर पुन्यांदा आला असता व्हय?”

सर हळूहळू दगडाकडे वळले, होकायंत्र छातीशी धरून.

बाबांनी निवलेला चहा गवतात ओतला, पेला पुन्हा भरला आणि दगडावर हात थोपटला.

“सुई ऱ्हाऊ द्या तिकडंच. तुम्ही या.”