राणीचे पाच वाडगे

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या पणजोबांच्या पणजोबांनीही जो काळ नुसता ऐकला असेल, त्या काळी एका उंच डोंगरावर एक राज्य होतं. राज्य कसलं, एक किल्ला आणि त्याच्या पोटातली वस्ती. पण ताठा असा, की खालच्या मैदानातल्या बलाढ्य राजापुढेही इथला माणूस कधी मान वाकवत नसे.

या ताठ्याला आधार होता एका झऱ्याचा. डोंगरावर दुसरं पाणीच नव्हतं. रोज सकाळी वेळ मोजायला कुंडात तळाशी भोक असलेलं घटिकापात्र सोडत आणि ते बुडेपर्यंत झऱ्याखाली किती घागरी भरतात ते मोजत. मग नगारा वाजे आणि आकडा पुकारला जाई. वीस घागरी ऐकल्या की घरोघरी पुरण शिजायचं. बारा ऐकल्या की लोक गाठोडी बांधायला घ्यायचे. झरा लहरी होता, आणि माणसं झऱ्याहून लहरी होती.

गादीवर सगुणा राणी होती. ती मूळची गवळ्याची लेक. राजा वारला आणि कारभार तिच्या हाती आला, तेव्हा दरबारी मंडळींनी नाकं मुरडली. राणीने ती मुरडलेली नाकं नीट पाहून ठेवली आणि कामाला लागली.

एका उन्हाळ्यात मैदानाच्या राजाने आपला वकील पाठवला. "दरवाजाच्या चाव्या द्या, खाली या आणि हवं तेवढं पाणी घ्या," असा त्याचा निरोप होता. "मात्र आमची प्रजा म्हणून!" राणीने नकार दिला. वकील परत गेला नाही. डोंगराच्या पायथ्याशी तंबू ठोकून तो नगाऱ्याकडे कान लावून बसला.

आणि एके सकाळी पुकारा झाला, "नऊ घागरी होऽऽ!"

इतका कमी आकडा कुणी कधी ऐकला नव्हता. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. बायकामुलं, म्हातारेकोतारे, सगळे राजवाड्यापुढे जमले. किल्लेदार पुढे आला. त्याची सारी हयात याच तटावर गेली होती.

"राणीसाहेब, झरा आटला," तो म्हणाला. "चाव्या देऊन टाका. लेकरं तहानेनं मरण्यापेक्षा आपली मान वाकलेली बरी."

राणीने जमलेल्या लेकरांकडे पाहिलं. मग तिने विचारलं,

"काल किती होत्या, किल्लेदार?"

"पंधरा."

"परवा?"

"बारा. त्याच्या आदल्या दिवशी वीस, आणि त्याआधी चौदा. पण आज नऊ आहेत ना!"

"शितावरून भाताची परीक्षा होते, पण एका धारेवरून गाईची होत नाही," राणी म्हणाली. "आमच्या गवळीवाड्यात गिऱ्हाईक पाच दिवस धार बघतं. गाय एक दिवस बुजते, एक दिवस मन लावून चरते. पाचही दिवसांचं दूध एकत्र धरायचं आणि पाचांत सारखं वाटायचं. तो वाटा म्हणजे गाय. बाकी सगळी तिची लहर."

तिने पाच वाडगे मागवले. ज्या दिवशी जितक्या घागरी, तितके खडे त्या दिवसाच्या वाडग्यात टाकले. मग सगळ्यांचा ढीग केला आणि पाचांत सारखा वाटला. प्रत्येक वाट्याला चौदा खडे आले.

"हा आपला झरा!" राणी म्हणाली. "उद्या सगळ्यांत जुन्या दिवसाचे खडे काढायचे, उद्याचे नवे घालायचे आणि पुन्हा वाटायचं. असं रोज. ढीग आपल्याबरोबर चालत राहील."

त्या दिवसापासून आकड्याच्या जोडीला वाटाही पुकारला जाऊ लागला. दुसऱ्या दिवशी एकोणीस घागरी आल्या, वाटा पंधरा झाला. तिसऱ्या दिवशी पंधरा आल्या, वाटा पुन्हा चौदा. लोकांनी गाठोडी सोडली. वकील मात्र तंबू सोडेना.

उन्हाळा चढला. वाटा तेरावर आला, बारावर आला आणि हळूहळू दहावर उतरला. अशातच एके सकाळी नगारा दणाणला, "अठरा घागरी होऽऽ!"

गाव नाचू लागलं. किल्लेदाराने तर मिशीला तूपच लावलं. "राणीसाहेब, पुरणाचा हुकूम द्या. झरा परत आला!"

राणी वाडग्यांपाशी बसली होती. एवढ्या अठरांनीही वाटा दहावरून अकरावरच चढला होता. आनंदात सामील व्हावं, असं तिलाही फार वाटलं. पण ती उठली आणि म्हणाली, "पुरण नको. कुदळी आणा."

"आज? सणासारख्या दिवशी?"

"आजचा दिवस पाहुणा आहे, किल्लेदार. वाटा कितीतरी दिवस घसरतोय. आणि वाडग्यांची एक खोड ध्यानात ठेवा. ते खोटं बोलत नाहीत, पण उशिरा बोलतात. त्यांनी सांगेपर्यंत दुखणं मुरलेलं असतं. आता आपण आणखी उशीर करायचा नाही."

लोक कुरकुरले. तेव्हा राणीने पदर खोचला आणि स्वतः झऱ्याच्या मुखाशी पहिला घाव घातला. मग मागे कोण राहणार? सारा गाव खणू लागला. कातळाच्या फटीत नांद्रुकीच्या झाडाची मुळं शिरली होती आणि त्यांनी झऱ्याचा गळा आवळत आणला होता.

काम चालू असताना पाणी गढूळ झालं, धार बारीक झाली. एका सकाळी नुसत्या पाच घागरी पुकारल्या गेल्या. पायथ्याशी वकिलाने पागोटं बांधलं आणि हसत हसत तो गड चढून आला.

पूर्वीचं गाव असतं, तर चाव्या त्याच्या पायाशी पडल्या असत्या. आज कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. दाढीपर्यंत चिखलाने माखलेल्या किल्लेदाराने कपाळ पुसलं.

"चाव्या?" तो म्हणाला. "आज आम्हाला सवड नाही, वकीलसाहेब. उद्या या. आणि येताना एक कुदळ घेऊन या!"

सगळा कडा हसण्याने दुमदुमला. राणीचा ऊर अभिमानाने भरून आला. झऱ्यापेक्षा तिला आपल्या माणसांचा अभिमान वाटला. पाच घागरींच्या दिवशी त्यांतलं एकही माणूस पळालं नव्हतं.

शेवटचं मूळ निघालं आणि पाणी मोकळं झालं. वाटा एका दिवसात वाढला नाही. तो एकेक खड्याने चढत गेला, पार सोळापर्यंत. तोवर पायथ्याचा तंबू उठला होता, आणि किल्ल्याच्या चाव्या किल्ल्यातच राहिल्या.

म्हणून लहानथोरांनो, एवढं मनात धरा: एका दिवसाच्या चढाने फुगू नये, एका दिवसाच्या उताराने खचू नये, अनेक दिवस मिळून जी दिशा दाखवतात, ती ओळखून वेळीच हात चालवावा.