न चढणारी हळद

एका राज्यात हळद उदंड पिकत असे, पण राजवाड्यातल्या मुलींना मात्र ती चढत नसे.

त्या राज्याच्या राजाचे नाव धवलकीर्ती. त्याला दोन थोरल्या बहिणी होत्या, मंदाकिनी आणि कुमुदिनी. दोघींची लग्ने ठरली, मांडव उभे राहिले, सनई वाजली. पण अळूच्या पानावरून पाणी घसरावे तशी दोघींच्या अंगावरून हळद घसरली, आणि हळदीची घटका संपताच दोघी साळुंक्या होऊन उडाल्या. फार लांब गेल्या नाहीत. माजघराच्या खिडकीबाहेर बकुळीचे झाड होते, त्यावर बसल्या आणि गेली तीस वर्षे तिथूनच घराला सूचना करीत होत्या. आमटीत मीठ जास्त पडले तर स्वयंपाकघराच्या आधी ते झाडाला कळे. राजवाड्यात कोणाला याचे नवल उरले नव्हते.

राजाची एकुलती एक मुलगी हेमलेखा अठरा वर्षांची झाली. नदीपलीकडच्या राज्यातल्या अरिंजय नावाच्या राजपुत्राशी तिचे लग्न ठरले. मुलगा तिने पाहिला होता आणि तिला आवडला होता. लग्नाला सात दिवस उरले तेव्हा वडीलधाऱ्यांनी चिमूटभर हळद तिच्या हाताला लावून पाहिली. ती घसरली आणि पाटावर पडली.

राजाने तातडीने सभा बोलावली. सभेने तातडीने दुःख व्यक्त केले. राजपुत्राला निरोप गेला. त्याने उलट कळवले की साळुंकी झाली तरी माझी तक्रार नाही, पण वडिलांना पटेल असे वाटत नाही. राणीने तयारी थांबवली नाही. तिचे म्हणणे असे की मुलगी राहो की उडो, आलेल्या पाहुण्यांना जेवू तर घातलेच पाहिजे.

हेमलेखा खिडकीशी गेली. "आत्याबाई," ती म्हणाली, "मला उडायचे नाही. मला नांदायचे आहे."

"आम्हालाही नांदायचेच होते," थोरली म्हणाली.

"शाप कोणी दिला?"

"ते दप्तरात आहे," धाकटी म्हणाली. "इथे जे कोणालाच नको असते ते दप्तरात असते."

दप्तरदार त्र्यंबकपंतांनी लाल रुमालात बांधलेला गठ्ठा आणला. त्यात शापाचा कागद जपून ठेवला होता. त्यावर लिहिले होते: "या घरच्या लेकीला हळद चढणार नाही आणि हळदीची घटका संपताच ती साळुंकी होईल." खाली साठ वर्षांतल्या तीन दप्तरदारांचे शेरे होते. पहिल्याने लिहिले होते, "पाहिले." दुसऱ्याने लिहिले होते, "पाहिले. वाईट वाटले." तिसरा शेरा खुद्द त्र्यंबकपंतांचा होता: "पूर्वीप्रमाणेच."

हेमलेखेने कागद उलटला. मागच्या बाजूला उःशाप होता.

साठ वर्षे तो तिथेच होता. मागे पाहण्याची आज्ञा कोणी दिली नव्हती, असे त्र्यंबकपंतांनी नम्रपणे निदर्शनास आणले.

उःशाप असा होता: "नवरीने तीन गोष्टी स्वतः जाऊन आणाव्या. राक्षसाच्या शेतातली हळद, सर्पाच्या विहिरीचे पाणी आणि माझे नाव. तिन्ही मागून घ्याव्या, हिसकून नव्हे. मग मी ज्या जात्यावर दळले त्याच जात्यावर हळद दळावी."

"ही 'मी' कोण?" राजाने विचारले. त्याच्या आईच्या लग्नात एका बाईने तीन दिवस बसून हळद दळली होती, एवढेच जुन्या लोकांना आठवत होते. ती बाई चेटकीण होती, पण त्या काळी चेटकाला मागणी कमी होती, म्हणून पोटासाठी दळण करीत असे. हळदीच्या दिवशी ती मांडवात आली. आपण दळलेली हळद नवरीला बोटभर आपणही लावावी अशी तिची इच्छा होती. कोणा मानकऱ्याने विचारले, "ही कोण?" तीन दिवस ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, पण कोणालाच सांगता येईना. कोणी तिला शिवी दिली नाही, धक्का मारला नाही. फक्त मागचे दार दाखवले. जाताना ती दप्तरात कागद देऊन गेली, आणि दप्तराने तो दाखल करून घेतला.

राजा म्हणाला की सैन्य पाठवतो. हेमलेखेने कागदावरची ओळ दाखवली आणि एकटीच निघाली. एकटी म्हणजे वाट शोधायला एका खांद्यावर थोरली आत्या आणि दुसऱ्या खांद्यावर धाकटी. राणीने पदराला अक्षता बांधून दिल्या. नवरी घराबाहेर पडते तर वाटेत भेटेल त्याला आमंत्रण तरी देईल, हा तिचा विचार.

दुसऱ्या दिवशी राक्षसाचे शेत आले. आजवर तिथे जे जे आले ते तलवार घेऊनच आले. राक्षसाने त्या सगळ्या तलवारींची खुरपी करून घेतली होती. हेमलेखा बांधावर उभी राहिली आणि म्हणाली, "मला थोडी हळद हवी आहे. मिळेल का?"

राक्षस इतका गोंधळला की खाली बसला. असे त्याला कोणी विचारले नव्हते. त्याने तिच्या हाती खुरपे दिले आणि एक वाफा दाखवला. हेमलेखेने पाने उलटून पालटून पाहिली, पण हळद कुठे दिसेना. हळद झाडाला लागते, अशी तिची समजूत होती.

"ती जमिनीत असते," राक्षस म्हणाला.

थोरली आत्या खांद्यावरून हसली. मग झाडावर बसण्याआधी आपलीही तीच समजूत होती हे आठवून गप्प झाली.

हेमलेखेने दिवसभर वाफा खणला. तळहाताला फोड आले. राक्षसाने तिला सांगितले की नऊ महिने हा कंद जमिनीत असतो, मग काढायचा, शिजवायचा, उन्हात वाळवायचा, घोळायचा, तेव्हा कुठे हळकुंड होते.

"मला वाटे ती वाटीतच येते," हेमलेखा म्हणाली.

"खाणाऱ्यांना तसेच वाटते," राक्षस म्हणाला. त्याने माळ्यावरची पाच वाळलेली हळकुंडे दिली. तिने एक अक्षत त्याच्या हातावर ठेवली आणि लग्नाला बोलावले. त्याने काय नेसून यावे असे विचारले. ते तिने त्याच्यावर सोडले.

चौथ्या दिवशी सर्पाची विहीर आली. सर्प काठावर वेटोळे घालून बसला होता. हेमलेखेने पाणी मागितले.

"देईन," सर्प म्हणाला. "आधी एक सांग. अठरा वर्षे तू ज्या पाण्याने न्हालीस, ते तुझ्या घंगाळात कोण ओतते?"

हेमलेखेने डोळे मिटले. तिला एक हात आठवला. मनगटावर गोंदलेली हिरवी तुळस, बोटे पाण्याने सुरकुतलेली. हाताच्या वर एक चेहरा असला पाहिजे, पण तो काही आठवेना.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत नसेल तर विचार."

तिने धाकट्या आत्याला विचारले. आत्या लगेच म्हणाली, "तानू. तेहतीस पायऱ्या चढते रोज. तिचा डावा गुडघा दुखतो."

"आत्याबाई, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू कधी विचारले नाहीस. आम्हालाही झाडावर बसल्यावरच कळले. पाटावर बसले की फक्त पाटापुरतेच दिसते."

सर्पाने वेटोळे सोडले. हेमलेखेने स्वतः पोहरा ओढला आणि कळशी भरली. वाटभर ती कळशी तिने या कडेवरून त्या कडेवर घेतली, आणि दर वेळी तिला तेहतीस पायऱ्या आठवल्या.

पाचव्या दिवशी दुपारी ती डोंगराच्या पायथ्याशी एका झोपडीपाशी पोचली. आत एक म्हातारी एकटीच दळत होती. मनात आणले असते तर तिने नदी उलटी वाहवली असती. पण घरात पीठ संपले होते आणि चेटकाचे पीठ पोटाला लागत नाही, म्हणून ती दळत होती.

"राजवाड्यातली ना?" म्हातारीने मान वर न करता विचारले. "नाव विचारायला आलीस. साठ वर्षे लागली. आता मला सांगायची सवय राहिली नाही."

थोरली आत्या पंख फुलवून काही बोलणार होती. हेमलेखेने तिला खुणेने थांबवले. एकट्या बाईला जाते जड जात होते. हेमलेखा समोर बसली आणि खुंट्याला हात घातला.

म्हातारीने तिच्या तळहाताकडे पाहिले. "फोड आले आहेत."

"राक्षसाच्या शेतातले आहेत."

"नवरीचे हात असे नसतात."

"आजवर माझे हात नवरीचे होते. त्यामुळेच हळद चढत नसावी."

म्हातारीने जात्यात मूठभर धान्य घातले. दोघी दळू लागल्या. जाते फिरू लागले की ओवी आपोआप येते, त्यावर चेटकिणीचाही इलाज चालत नाही. समोर दुसरा हात आला तशी म्हातारीला आपली आई आठवली आणि आईचीच ओवी तिच्या तोंडून आली:

*पहाटेच्या दळणाला पीठ पडं भराभरा,*
*माझ्या मांडीशी निजली तान्ही माझी गं भिवरा.*

जाते थांबले.

"भिवराबाई," हेमलेखा हळूच म्हणाली.

म्हातारीने जात्याभोवतीचे पीठ हाताने गोळा केले. "आई गेल्यावर हे नाव कोणी घेतले नव्हते," ती म्हणाली.

हेमलेखेने पदराची गाठ सोडली, अक्षता तिच्या हातावर ठेवल्या आणि वाकून नमस्कार केला. "परवा माझी हळद आहे. आपण अगत्य येण्याचे करावे."

"मागच्या दाराने?"

"माझ्याबरोबर. पुढच्या दाराने."

भिवराबाईला ठाऊक असलेल्या जवळच्या वाटेने त्या सहाव्या दिवशी राजवाड्यात पोचल्या. नवरीचे शेवटच्या दिवसाचे सगळे काम खोळंबले होते. कासारीण हिरव्या चुड्याचे टोपले घेऊन तीन दिवस बसून होती. हेमलेखेने बांगड्या भरून घेताना तिचे नाव, गाव आणि मुलांची खुशाली विचारली. नवरीला ताप भरला असावा असे समजून कासारिणीने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग हेमलेखा न्हाणीघरात गेली, तानूच्या हातातली घागर घेतली आणि तिला पाटावर बसवून तिच्या गुडघ्याला तेल चोळले. तानू घाबरून रडली.

दिवाणखान्यात रुखवत मांडले होते. भरतकामाचे शेले, साखरेचे डोलारे, कवड्यांचा पट, आणि प्रत्येकापुढे पाटी: "राजकन्येने स्वहस्ते केले." हेमलेखेने पाट्या काढल्या आणि ज्यांनी ज्यांनी केले त्यांची नावे विचारून लिहिली. राणी म्हणाली, मग तुझे असे राहिले काय? हेमलेखेने कोपऱ्यात एक वाकडातिकडा रुमाल होता त्यापुढे आपले नाव ठेवले.

सातवा दिवस उजाडला. हेमलेखा आणि भिवराबाई जुन्या जात्याशी समोरासमोर बसल्या. हळकुंडे दळली, सर्पाच्या विहिरीच्या पाण्यात कालवली. नवरी पाटावर बसली. घटका मोजायचे घटिकापात्र पाण्यात सोडले. सवाष्णींनी हळद लावली.

हळद घसरली.

पुन्हा लावली, पुन्हा घसरली. राजाचा चेहरा उतरला. बकुळीवरच्या दोन्ही आत्या बोलेनाशा झाल्या, आणि हे तीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होते. घटिकापात्र निम्मे बुडाले. हेमलेखेच्या नखांपाशी बारीक पिसे दिसू लागली.

भिवराबाई मांडवाच्या खांबाशी उभी होती. तिच्या लुगड्याला पीठ लागले होते. तेवढ्यात वरपक्षाकडचा एक मानकरी शेजाऱ्याला म्हणाला, "ही कोण?"

हळद लावणाऱ्या सवाष्णींनी मागे वळून पाहिले. हाच प्रश्न याच घरच्या मांडवात साठ वर्षांपूर्वी पडला होता, आणि उत्तर आजही कोणी देईना.

हळदीच्या नवरीने पाटावरून उठायचे नसते. हेमलेखा उठली.

"या भिवराबाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली. "माझ्या आजीची हळद यांनी दळली. माझीही यांनीच दळली. आधी यांनी लावायची, मग इतरांनी."

तिने भिवराबाईला हाताला धरून आणले आणि पुन्हा पाटावर बसली. भिवराबाईने हळदीत बोट बुडवले आणि ते नवरीच्या गालाला लावले.

हळद चढली. गालावरून गळ्यावर, गळ्यावरून हातांवर पसरली, फोडांत झोंबली, पिसे गळाली, आणि हेमलेखा सकाळच्या उन्हासारखी पिवळी झाली. मग घटिकापात्र बुडाले.

बकुळीच्या झाडावरून दोन प्रौढ बायका धपकन खाली आल्या. थोरली उठून बसली आणि म्हणाली, "आधी मला पाट द्या. तीस वर्षे फांदीवर बसले आहे." धाकटी भिवराबाईच्या पाया पडली. भिवराबाईने तिला उठवले आणि उरलेली हळद दोघींच्या गालांना लावली. दोघींचे नवरदेव केव्हाच दुसरीकडे संसाराला लागले होते. थोरलीने त्यांपैकी एकाला पाहुण्यांत पाहिले आणि आपण झाडावर होतो तेच बरे झाले असे सांगितले.

गोरज मुहूर्तावर लग्न लागले. राक्षस नवे धोतर नेसून आला आणि वाढायला उभा राहिला. निघताना नवरीने वडीलधाऱ्यांना नमस्कार केला. मग ती स्वयंपाकघरात, न्हाणीघरात आणि तबेल्यात गेली. एकेकाला नावाने हाक मारून ती म्हणाली, तुमच्यामुळे मी इथवर आले. हे इतका वेळ चालले की पालखी ठरल्यापेक्षा दोन प्रहर उशिरा निघाली. राजपुत्र अरिंजय वाट पाहत पायरीवर बसला होता. त्याने तेवढ्या वेळात पालखीच्या आठही भोयांची नावे विचारून घेतली. ते पाहून हेमलेखेला वाटले, आपली निवड चुकली नाही.

भिवराबाई राजवाड्यात राहिली नाही, पण येताना जाताना पुढच्याच दाराने येऊ लागली. त्र्यंबकपंतांनी शापाचा कागद शेवटचा बाहेर काढला, त्यावर शेरा लिहिला, "पाहिले. दोन्ही बाजूंनी," आणि गठ्ठा बांधून टाकला.

जशी त्या घरची हळद चढली तशी साऱ्या घरांची चढो, आणि ती दळणारीचे नाव मांडवात कोणाला विचारावे न लागो.