वीस उंदीर आणि एकविसावी खारीक

एका गावात एक आत्या होती. तशा आत्या सगळ्याच गावांत असतात, पण ही द्वारकाआत्या उपासांसाठी नावाजलेली. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी. उरलेल्या दिवशी ती जेवायची आणि उपास कसा करावा ते दुसऱ्यांना सांगायची.

तिच्या भावाच्या मुलीचं, सुलूचं, लग्न ठरलं. मुहूर्त निघाला तो आठच दिवसांवरचा. घरात नुसती पळापळ. कुणी मांडवाला धावतंय, कुणी आचाऱ्याकडं. अंगणात पापड वाळतायत आणि कोंबडी त्यांच्यावरनं निवांत चालत जातेय. आत्या सोमवारी आली आणि तिनं उंबऱ्यातच सांगून टाकलं, "अक्षता पडेपर्यंत मी फक्त दुधावर राहणार. सुलूच्या संसारासाठी."

सगळ्यांनी हात जोडले. भावजय गोजरा म्हणाली, "वन्सं, तुम्ही कशाला हात लावू नका. कोठीच्या खोलीत गारवा आहे, तिथं पडून राहा. आणि विहिणींना रुखवत तुम्हीच दाखवायचं बरं का."

रुखवत म्हणजे नवरीकडच्या बायकांनी हातानं केलेल्या शोभेच्या वस्तू. एकेक वस्तू कशाची, कुणी केली, हे विहिणींना सांगत पुढं जायचं, हा मोठा मान. आत्याला तो हवाच होता.

पण रुखवत करायला वेळ कुणाला? लोक त्याला वर्ष घालवतात. शेवटी घरची सून शेवंती म्हणाली, "मी करते. विकत काही आणू नका."

ती कामातनं उठता-बसता केर निवडायची. शिंप्याकडच्या चिंध्या, जळक्या काड्या, फुटक्या बांगड्या, पत्रिकांची कात्रणं. भाजी फोडणीला टाकायची आणि ती शिजेपर्यंत बोटभर काहीतरी करून ठेवायची. काड्यांचा झोपाळा झाला, अंगठ्याएवढा. बांगड्यांचं तुळशीवृंदावन झालं. दोन बटणांचं जातं झालं, ते फिरायचंसुद्धा. चिंधीची नऊवारी नेसलेली बाई झाली, तिच्या नाकात मोहरीएवढी नथ.

आत्या पडल्या पडल्या बघायची. "काय गं शेवंती, लग्न माणसांचं आहे का मुंग्यांचं?"

"मुंग्या आल्या तर त्यांनाही दाखवा, आत्याबाई."

मंगळवार दुपारपर्यंत दूध बरं चाललं. मग मांडवातनं बुंदीचा वास आला. आत्या या कुशीवरनं त्या कुशीवर झाली. उशाशीच पितळी डबा होता. त्यात वऱ्हाडातल्या बायकांच्या ओटीचं सामान ठेवलेलं. हळकुंडं, सुपाऱ्या, बदाम, खारका. आत्यानं एक खारीक तोंडात टाकली. खारीक म्हणजे सुकलेलीच की. सुकलेलं खाल्लं तर खाल्ल्यासारखं होत नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. समजूत चांगली पटली असावी, कारण बुधवार संध्याकाळपर्यंत तिनं वीस खारका संपवल्या. बिया तांदळाच्या कणगीमागं सारल्या. एकविसावी मागाहून खाऊ म्हणून पदराच्या टोकाला बांधून ठेवली.

गुरुवारी गोजरानं डबा उघडला. "पंचवीस खारका मी मोजून ठेवल्या होत्या. चारच उरल्यात."

बायका दाराशी गोळा झाल्या. आत्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. दुधावर असलेल्या बाईकडं कोण बघणार? ती गप्प बसती तरी भागलं असतं. पण भीती माणसाला गप्प बसू देत नाही.

"या खोलीत दिवसातनं दहादा कोण येतं-जातं?" ती म्हणाली. "इथला केर कोण काढतं?"

सगळ्यांच्या माना शेवंतीकडं वळल्या.

"माहेरी खारीक बघायला मिळाली नव्हती वाटतं," गोजरा म्हणाली. "लग्न पार पडू दे, मग तुझ्या बापालाच बोलावून घेते. आणि ओटी भरायला तू पुढं यायचं नाहीस."

"मी खाल्ल्या नाहीत," शेवंती म्हणाली. एकदाच म्हणाली. मग चुलीवरचं उतू जात होतं, तिकडं गेली.

आत्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण सून काय, आज बोलणी खाईल, उद्या विसरेल. आपलं नाव एकदा गेलं की गेलं. असा हिशोब करून ती आडवी झाली.

शुक्रवारी सकाळी तिनं कणगीमागं हात घातला. हाताला भिंत लागली. खाली चाचपलं तर जमीन लागली. एकही बी नव्हती. सगळं लख्ख झाडलेलं.

दुपारी तिनं हळूच विचारलं, "शेवंती, केरात काय काय सापडतं गं तुला?"

"सगळं सापडतं, आत्याबाई. ज्यानं त्यानं टाकलेलं."

"मग काय करतेस त्याचं?"

"रुखवत करते की."

एवढं बोलून ती दोऱ्याला मेण लावत बसली. तोंडावर काही नाही, राग नाही, हसू नाही. त्या दिवसापासून आत्या खरोखरच फक्त दुधावर राहिली. 

रविवारी वऱ्हाड आलं. रुखवत मांडलं होतं एका पाटावर. सगळं मिळून मावलं. विहीणबाई बसल्या, त्यांच्या मागं वीसेक बायका. आत्या मान ताठ करून सांगायला लागली. हा झोपाळा, काड्यांचा. हे वृंदावन, बांगड्यांचं. विहीणबाईंनी बोटानं जातं फिरवलं आणि त्यांना हसू आलं. बायका एकमेकींच्या खांद्यावरनं वाकून बघायला लागल्या.

पाटाच्या शेवटी एक दुरडी पालथी घातलेली होती. आत्यानं ती उचलली.

खाली उंदीर होते. वीस उंदीर, ओळीनं, एकामागं एक. लांबट अंगाचे, दोऱ्याच्या शेपट्यांचे, राईच्या डोळ्यांचे. सगळे एका इवल्याशा पितळी डबीकडं निघालेले.

"अगंबाई," विहीणबाई म्हणाल्या. "हे कशाचे?"

"चिंचोक्यांचे," आत्या म्हणाली.

विहीणबाईंनी एक उंदीर उचलून उन्हात धरला. "चिंचोका असा लांब असतो होय? आणि मधे चीर? ही तर खारकेची बी आहे."

"असेल," आत्या म्हणाली.

"एवढ्या खारका खाल्ल्या कुणी?"

गोजराचा हात तोंडाशी गेला. तिची नजर सुनेकडं गेली. शेवंती दाराला टेकून उभी होती.

"उंदरांनी," शेवंती म्हणाली.

बायका खदखदा हसल्या. विहीणबाईही हसल्या आणि म्हणाल्या, "हा मोठा उंदीर दाराशीच उभा दिसतोय. खारकांना चटावलेली सून दिसते तुमची."

शेवंतीनं मान खाली घातली. आत्या वाचली होती. पुढं एकच वस्तू उरली होती, पत्रिकेच्या कागदाची पालखी. ती दाखवली की काम संपलं. तिनं पालखीकडं हातही नेला. पण तो हात पालखीपर्यंत जाईना.

"नाही," ती म्हणाली. "तो उंदीर मी."

ती शेवंतीकडं वळली.

"दूध पितेय म्हणून सांगितलं आणि खारका खाल्ल्या. आळ हिच्यावर घातला. हे रुखवत हिनं केलंय, सगळं, केरातनं. हे उंदीरही माझ्याच केरातनं."

विहीणबाईंनी उंदीर जागेवर ठेवला. "बरं झालं बाई बोललात. आठवडाभर नुसत्या दुधावर राहिलेल्या बाईसमोर जिलबी खायची कशी, म्हणून मी आल्यापासनं घोरात होते."

गोजरा पुढं झाली. तिनं कुंकवाचा करंडा उचलून शेवंतीच्या हातात दिला आणि ओटी भरायला तिला सगळ्यांच्या पुढं उभं केलं.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या. परसात शेवंती भांडी घासत होती. आत्या तिच्याशेजारी दगडावर बसली.

"तू आधीच का नाही बोललीस गं?"

"बोलले की. एकदा. तुम्ही व्रतवाल्या, मी सून. माझं कोण ऐकतंय? उंदरांचं ऐकतील असं वाटलं." तिनं परात पालथी घातली. "पण आत्याबाई, खारका गेल्या एकवीस आणि बिया सापडल्या वीस. मी कणगी दोनदा सरकवली."

आत्यानं पदराची गाठ सोडली. आतली खारीक जरा मळली होती. तिनं ती पुसली आणि शेवंतीच्या तोंडाजवळ धरली.

"खा. आणि बी मला दे. एकविसावा मी करते."

तिनं केला. तो वाकडा झाला, त्याचा एक डोळा पाठीवर गेला. तरी सुलूच्या सासरच्या फळीवर ओळीत पहिला तोच बसलेला असतो.

तात्पर्य: आपली चूक दुसऱ्याच्या पदरात बांधू नये, आणि बांधलीच, तर चार माणसांदेखत आपल्याच हातानं ती गाठ सोडावी.